देव देईल, हा विश्वास ठेवून घर कसं चालवायचं?

ताई, तुमच्या यजमानांची नोकरी गेली, मुलाची फी आणि घराचा हप्ता डोक्यावर आहे, आणि भेटेल तो 'देव बघेल, विश्वास ठेवा' एवढं सांगून निघून जातो. विश्वास ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

माझा देवावर पूर्ण विश्वास आहे. पण तो 'सगळं आपोआप नीट होईल' असा नाही. तुकोबांचं घर आठवा. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचा धंदा बुडाला, थोरली बायको अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. त्यांच्या भक्तीत काही कमी होतं म्हणून हे झालं, असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? मग तुमच्या बाबतीत कुणी तसं सुचवलं तर तेही मनावर घेऊ नका. पुढे त्यांनी सावकारीची आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडून दिली, असं सांगतात. मला हे फार मोठं वाटतं. ज्याचं स्वतःचं घर उपाशी राहिलं, त्याच्याच हातून देवाने देहूच्या कर्जदारांची सुटका केली.

मी गिरणगावात वाढले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यात माझे वडील होते. आई सकाळी विठोबापुढे दिवा लावायची, 'आजचं भागव' म्हणायची आणि पदर खोचून शेजारच्या खानावळीत चपात्या लाटायला जायची. पुढच्या महिन्याचं तिने देवाकडे मागितलेलं मला आठवत नाही. वाण्याकडे उधारी मागतानाही ती मान खाली घालायची नाही. देव देतो तर कुणाच्या तरी हातून देणार, मग त्या हातापुढे लाज कसली, असं तिचं म्हणणं. आमच्या भागातल्या खानावळवाल्या बायका आधी सावकाराच्या व्याजात पिचलेल्या असायच्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळायची वाट झाली. बँकेत अर्ज केला म्हणून त्यांच्यातल्या कुणाची श्रद्धा उणी झाली नाही.

म्हणून 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' असं करू नका. हप्ता थकायच्या आधी शाखेत जाऊन मुदत वाढवून मागा. थकल्यावर बोलणं अवघड होतं. शाळेत मुख्याध्यापकांना भेटा आणि फी तुकड्यांत भरण्याची परवानगी लेखी घ्या. रेशनकार्ड जुन्या उत्पन्नावर असेल तर शिधावाटप कार्यालयात चौकशी करा. प्राधान्य गटात नाव लागलं तर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. घरात कुणाचं मोठं आजारपण निघालंच, तर सिद्धिविनायक न्यासाकडेही अर्ज करता येतो. आणि नातेवाइकांना, सोसायटीतल्या चार माणसांना खरं सांगा. आपल्या मुंबईत नोकरी गेल्यावरही डबा घेऊन रोज लोकलने निघणारे आणि संध्याकाळपर्यंत कुठेतरी बसून राहणारे पुरुष आहेत. कुणाला कळलंच नाही, तर कुणी कामाचं सुचवणार कसं?

नवस मात्र आत्ता बोलू नका. फेडायच्या खर्चाची आणखी एक काळजी कशाला?

यजमान देवावर चिडले असतील तर चिडू द्या. माझे वडील संपानंतर कितीतरी काळ वडाळ्याच्या विठ्ठलाच्या पायरीलाही गेले नाहीत. आईने त्यावरून त्यांना कधी एक शब्द ऐकवला नाही, त्यांच्या नावाने हात ती जोडायची. श्रद्धेचं आत्ता त्यांना काही सांगू नका, पण बँकेत त्यांना एकटं पाठवू नका. तुम्ही सोबत जा.