वाचक विचारतात: तूलूजजवळचं जुनं खेडं

प्रश्न: मुलगा फ्रान्सात तूलूजला असतो. जूनमध्ये आम्ही दोघं जातोय. शहरं नकोत, जुनी खेडी बघायचीत. हे शुद्ध शाकाहारी, माझे गुडघे कुरकुरतात. कुठं जावं? (एक वाचक, निपाणी)

उत्तर: वहिनी, डोळे झाकून काँक गाठा. रोदेझपर्यंत रेल्वे आहे, पण मुलालाच गाडी काढायला लावा. पोरगं कशासाठी आहे? गाव डोंगरउतारावर, गल्ल्या दगडी आणि चढाच्या, तेव्हा काठी न्याच.

तिथलं सँत-फ्वा चर्च अकराव्या-बाराव्या शतकातलं. पश्चिमेच्या दारावर अंतिम न्यायाचा देखावा कोरलाय. दुपार कलली की ऊन थेट त्यावर येतं, तेव्हाच जा. मधल्या ख्रिस्तापेक्षा मला कडेची चिमुकली तोंडं आवडली. दगडी पट्टीआडून नुसते डोळे नि बोटं काढून डोकावतात, आपल्याकडं वरात बघायला पोरं माडीवरून डोकावतात ना, अगदी तशी! आतल्या १०४ खिडक्यांना चित्रकार पिएर सुलाज यांनी १९९४ मध्ये बिनरंगी काच बसवली. काहींना ती फिकी वाटते, मला नाही.

जेवायला आलिगो मागा. बटाटा आणि चीज घोटून केलेला, तारा सुटणारा पदार्थ. सोबत सॉसेज येतं, ते आधीच नको म्हणा. मात्र तिथल्या चीजमध्ये बहुधा वासराच्या पोटातलं विरजण असतं. भाऊजींना चालेल का, ते तुम्हीच ठरवा.

आणि हो, बेळगावच्या किल्ल्यातली १२०४ ची कमल बसदी (जैन मंदिर) पाहिलीय ना? नसेल तर आधी ती.