"हे सगळं तुमचंच आहे" हे कागदावर कुठे आहे?

गेल्या काही महिन्यांत मला आलेल्या मेलपैकी निम्मे तरी एकाच गोष्टीवर आहेत: मुलं परदेशात किंवा आयटीत, धंद्यात कुणी यायला तयार नाही, मग धंदा कामगारांच्या नावावर करता येतो का. येतो. पण प्रत्येकाच्या डोक्यात कुणीतरी काहीतरी वेगळंच भरवलंय, म्हणून आज सगळ्यांना एकत्रच उत्तरं देते. मी कंपनी सेक्रेटरी आहे. टॅक्सचा शेवटचा आकडा तुमचा सीए सांगेल आणि मृत्युपत्राचं वकील बघेल, हे आधीच सांगून ठेवते.

भोसरीत आमचं मशीनिंगचं युनिट आहे, प्रायव्हेट लिमिटेड, 38 माणसं. माझं वय 64, दोन्ही मुलं बाहेर. ईसॉप आणला की मी मोकळा होईन का?

नाही होणार. सगळ्यात जास्त घोळ इथेच आहे, तर नीट वाचा. अमेरिकेत ईसॉप म्हणतात ती एक ट्रस्ट असते, ती कर्ज काढून मालकाचे शेअर विकत घेते आणि कंपनी नफ्यातून ते कर्ज फेडते, म्हणजे मालकाला पैसे मिळतात आणि कंपनी कामगारांकडे जाते. आपल्याकडे ईसॉप म्हणजे कंपनी कामगाराला ठरलेल्या भावाने नवीन शेअर घ्यायचा हक्क देते, तो हक्क वापरायला किमान एक वर्ष थांबावं लागतं, आणि शेअरचे पैसे जातात कंपनीत, तुमच्या खिशात एक रुपया येत नाही, फक्त तुमचा हिस्सा पातळ होतो. नाव तेच, पण काम पूर्ण वेगळं.

शिवाय कामगाराने शेअर घेतला त्या दिवशी बाजारभाव आणि त्याने भरलेली किंमत यातल्या फरकावर पगारासारखाच टॅक्स लागतो, शेअर विकला नसला तरी. इन्फोसिसच्या ड्रायव्हरने शेअरवर बंगला बांधला वगैरे गोष्टी मला सगळेच ऐकवतात. अहो, इन्फोसिसने 1994 मध्ये कर्मचाऱ्यांना शेअर दिले तेव्हा ती कंपनी शेअर बाजारात होती, विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईक होतं. तुमच्या भोसरीच्या शेअरला गिऱ्हाईक कोण? तुम्ही किंवा कंपनीच.

तुम्हाला हवंय ते म्हणजे तुमचे स्वतःचे शेअर हळूहळू कामगारांच्या ट्रस्टकडे जाणं. त्याचा हिशोब असा. समजा कंपनीची किंमत 4 कोटी निघाली आणि दरवर्षी टॅक्स भरून 60 लाख उरतात. त्यातले निम्मे मशीनला आणि खेळत्या भांडवलाला ठेवले तर वर्षाला 30 लाख तुम्हाला देता येतील. 51 टक्के म्हणजे 2 कोटी 4 लाख, म्हणजे जवळपास सात वर्षं. तुम्ही 71 चे व्हाल. कामगारांकडे पैसे नसतातच, ते येतात धंद्याच्या पुढच्या नफ्यातून, म्हणून हे 58 व्या वर्षी सुरू करायचं असतं, पहिल्या अँजिओप्लास्टीनंतर नाही.

अजून एक अडचण. ट्रस्टऐवजी कंपनीनेच तुमचे शेअर परत विकत घ्यायचे तर कंपनी कायद्याचं कलम 67 आडवं येतं (शेअर घ्यायला दुसऱ्याला पैसे देण्यावरची त्यातली बंदी फक्त पब्लिक कंपन्यांना आहे). प्रायव्हेट कंपन्यांना 2015 मध्ये त्यातून सूट मिळाली, पण अटी आहेत: दुसऱ्या कुठल्या कंपनीचे पैसे शेअरमध्ये नकोत, हप्ते थकलेले नकोत, आणि बँकेची वगैरे कर्जं भरणा झालेल्या भांडवलाच्या दुपटीपेक्षा किंवा 50 कोटींपेक्षा, जे कमी असेल त्यापेक्षा कमी हवीत. आता तुमच्यासारख्या बऱ्याच कंपन्यांचं भांडवल सुरुवातीला टाकलेलं एक लाखच असतं आणि सीसी लिमिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीचं बँकेचं कर्ज, 80 लाख, म्हणजे सूट पहिल्याच पायरीला गेली. यावर मार्ग आहेत, रिझर्व्हमधून, म्हणजे साठलेल्या नफ्यातून, बोनस शेअर काढून भांडवल वाढवता येतं किंवा कंपनी कलम 68 च्या मर्यादेत टप्प्याटप्प्याने बायबॅक करू शकते, म्हणजे स्वतःचे शेअर परत घेऊ शकते, पण बायबॅकवरचा टॅक्स गेल्या काही वर्षांत बदललाय, त्यामुळे करायच्या वर्षी सीएला विचारूनच. आणि प्लॉट एमआयडीसीचा असेल तर लीज डीड काढून वाचा, शेअर दुसऱ्याकडे गेले तरी परवानगी आणि ट्रान्सफर चार्जेसचा प्रश्न येऊ शकतो.

अप्पा बळवंत चौकाजवळ स्टेशनरीचं दुकान आहे, तीन जुनी मुलं कामाला आहेत. त्यांना शेअर द्यायचेत.

प्रोप्रायटरी धंद्याला शेअर नसतात.

त्यांना एलएलपीत, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीत, पार्टनर करून घ्या. साध्या पार्टनरशिपमध्ये त्यांच्या घरादारापर्यंत जबाबदारी जाते, म्हणून ती नको. एलएलपीचा पॅन वेगळा असतो, आणि पॅन बदलला की जीएसटी नंबरही नवा घ्यावा लागतो. पण त्याच्याही आधी, जागा पागडीची आहे का? असेल तर जागामालकाच्या लेखी संमतीशिवाय काहीही करू नका, तो पोटभाडेकरू ठेवला म्हणून केस टाकेल आणि तुमची मुलं दुकानासकट रस्त्यावर येतील. आधी वकील.

शेअरना मुलीचं नॉमिनेशन केलंय, मग झालं ना?

नाही. नॉमिनी मालक होत नाही, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2023 मध्ये हे शेअरच्या बाबतीत स्पष्टच केलंय. मृत्युपत्र करा.

मी एका फॅब्रिकेशन कंपनीत 22 वर्षं अकाउंट्स बघते. शेठ नेहमी म्हणतात, "हे सगळं तुमचंच आहे, माझ्यानंतर तुम्हीच सांभाळायचं." ते आता 76 चे आहेत. लेखी मागितलं तर वाईट दिसेल का?

ताई, तुमचा मेल मी दोनदा वाचला.

वाईट दिसेल की नाही माहीत नाही, पण न मागता राहिलात तर काय होतं ते मी बघितलंय. काही वर्षांपूर्वी मला एका शेडवर बोलावलं होतं, मालकांचं तेरावं होऊन आठवडा झाला होता. मशीन बंद, तेलाचा वास तसाच, आणि फोरमनने गणपतीच्या फोटोमागून एक जुनी डायरी काढून माझ्यासमोर ठेवली. एका पानावर मालकांच्या अक्षरात सात नावं, प्रत्येकापुढे टक्के, कुणाला 10, कुणाला 5, खाली एकूण बेरीज सुद्धा केलेली. सही नाही. साक्षीदार नाहीत. मृत्युपत्राला सही आणि दोन साक्षीदार लागतात, ते असते तर त्या पानावर निदान उभं तरी राहता आलं असतं. मुलगी म्हणत होती की बाबांची इच्छा होती, द्या त्यांना, आणि तिच्या भावाला प्लॉट विकायचा होता. दोघंही कायद्याने वारस. फोरमन मला विचारत होता, मॅडम, अक्षर तर त्यांचंच आहे ना. मी काय सांगणार होते? माणूस मनापासून बोलला होता, 30 वर्षं बोलत होता, आणि लिहायला त्याला एक दुपार मिळाली नाही.

म्हणून माझं या बाबतीत डोकं फिरतं. तोंडी दिलेला हिस्सा माणसाला नोकरी सोडू देत नाही, कमी पगारावर राबवतो, बाहेरच्या चांगल्या ऑफर नाकारायला लावतो, आणि शेवटी वारसांच्या दारात उभा करतो. शेठ फसवतायत असं मी अजिबात म्हणत नाही, ते मनापासूनच म्हणत असतील. पण शेअर ज्याच्या नावावर रजिस्टरमध्ये आहेत त्याचे असतात, आणि तो गेल्यावर त्याच्या वारसांचे किंवा मृत्युपत्रात लिहिलंय त्याचे. स्वतः कमावलेले शेअर ते मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात, तुम्हालाही, मुलं अडवू शकत नाहीत. त्याहून चांगलं म्हणजे हयातीतच काही शेअर ट्रान्सफर करणं. शेअर ट्रान्सफरचा एसएच-4 फॉर्म, किमतीच्या 0.015 टक्के स्टॅम्प ड्युटी, बोर्डाचा ठराव, रजिस्टरमध्ये नोंद. कंपनी डीमॅटमध्ये गेली असेल तर डीमॅटमधून. पण फुकट किंवा भावापेक्षा कमी किमतीत घेतलेत तर तुमच्यावर टॅक्स येऊ शकतो, त्यामुळे आकडा सीएकडून काढून घ्या.

शेठना असं सांगा: "साहेब, तुमच्या मनात आहे ते तुमच्या मुलांनाही तुमच्या तोंडून कळू दे, एक दिवस सगळ्यांना बसवूया." मुलांसमोर बोललेलं आणि लिहिलेलं पुढे टिकतं. आणि 76 म्हणजे या दिवाळीआधी, पुढच्या नाही. सोबत सीए आणि वकील दोन्ही हवेत.

आमच्या मालकांनी प्रत्येकाला दोन लाख भरायला सांगितलंय, शेअर नंतर मिळतील म्हणे. बरेचजण पीएफ काढतायत. पावती साधी आहे.

थांबा, भरू नका. शेअरचे पैसे कंपनीच्या वेगळ्या बँक खात्यात, बँकेमार्फतच घ्यावे लागतात, रोख चालत नाही, आणि पैसे आल्यापासून 60 दिवसांत शेअर द्यावे लागतात, नाही दिले तर पुढच्या 15 दिवसांत परत, त्यानंतर 12 टक्के व्याज. "नंतर मिळतील" असं काही नसतं. कर्ज म्हणून घेतायत म्हणाले तर ते डिपॉझिटच्या नियमात येतं आणि त्यातून कंपनीच अडचणीत येते.

पीएफ तर अजिबात नाही. पगारही तिथूनच आणि म्हातारपणाची पुंजीही तिथेच, कंपनी बसली तर दोन्ही एका दिवशी गेली. ग्रॅच्युइटीच्या बदल्यात शेअर देतो म्हणाले तरी नाही म्हणा, वर्षाला 15 दिवसांचा पगार हा तुमचा हक्क आहे आणि तो पैशातच मिळतो. पैसे भरून झाले असतील तर पावती घेऊन या आठवड्यात वकिलाकडे जा.

इंग्लंडमधला मुलगा म्हणतो, कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टला कंपनी विकली की कॅपिटल गेन टॅक्स माफ.

ती सवलत तिकडची आहे, 2014 पासून पूर्ण होती आणि नोव्हेंबर 2025 मध्ये त्यांनीही ती निम्म्यावर आणली. भारतात अशी सवलत नाही, अनलिस्टेड शेअर दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवलेले असतील तर 12.5 टक्के, वर सरचार्ज-सेस लागेल तसा.

कंपनीऐवजी कामगारांची सहकारी संस्था काढली तर?

निघते. महाराष्ट्राच्या 1960 च्या कायद्यात वेगवेगळ्या कुटुंबातली किमान दहा माणसं लागतात आणि शेअर कितीही असले तरी एका माणसाला एकच मत. पुण्यात आपल्या दारातला कचरा नेणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताया अशाच एका संस्थेच्या मालक आहेत. चालू धंदा ताब्यात घेणं मात्र वेगळं. कुर्ल्याची कमानी ट्यूब्स 1988 मध्ये कामगारांच्या संस्थेने घेतली, हिंमतीची गोष्ट होती, पण कंपनी घेतली तेव्हाच आजारी होती आणि पुढे टिकली नाही. मालकाने धंदा बुडायला लागल्यावर कामगारांना देऊ नये, चांगला चालतोय तेव्हा द्यावा. आणि जुनी पीएफची थकबाकी धंदा घेणाऱ्यावरही येते, ती आधी तपासून घ्या.

शेअर दिले की पोरं रोज येऊन जाब विचारतील, ही भीती वाटते.

रोज नाही. रोजचा कारभार बोर्डच बघतं. वर्षातून एकदा ताळेबंद समोर ठेवावा लागेल आणि तेव्हा विचारतील, विचारायलाच हवं. तुम्ही रिटायर झाल्यावर हीच माणसं तो ताळेबंद वाचणार आहेत, त्यांना आत्तापासून शिकवा.

एक कन्सल्टंट "कर्मचारी मालकी पॅकेज" देतोय, सगळे कागद तयार, आठ दिवसांत काम. घेऊ का?

त्याला एकच विचारा: कामगार नोकरी सोडून गेला, वारला किंवा त्याला काढलं तर त्याचे शेअर कोण, कुठल्या भावाने, किती दिवसांत परत घेणार, आणि पैसे कुठून देणार? माझ्यासमोर अशी तीन पॅकेज आली, तिन्हीत हे पान नव्हतं, आणि एकात तर दुसऱ्याच कंपनीचं नाव राहून गेलं होतं. आठ दिवसांत तर नोंदणीकृत व्हॅल्युअरचा रिपोर्ट सुद्धा येत नाही. अ‍ॅडव्हान्स देऊ नका. तीन वर्षांचे ताळेबंद, आर्टिकल्स (कंपनीची नियमावली) आणि जागेचे कागद घेऊन आधी स्वतःच्या सीएकडे जा, आणि जाताना फोरमनला सोबत न्या.