मावशी, तिला बायकांच्याच बाजूला जाऊ द्या

प्रश्न: ताई, माझी लेक हे लिहून देतेय. सोलापुरात स्टँडजवळच्या पैसे देऊन वापरायच्या शौचालयात मी सकाळच्या पाळीला बसते. एक तृतीयपंथी वर्षभर रोज येते. साडी नेसलेली असते. आधी ताटलीत पाच रुपये टाकते, मग आत जाते. कधी कुणाशी वाकडं बोलली नाही. मागच्या गुरुवारी अक्कलकोटला निघालेल्या दोन बायकांनी आरडाओरडा केला, "बाप्याला आत कसं सोडता?" आमच्याकडं शेवटच्या खोलीची कडी तुटलीय, त्यातली एक आत दार हातानं धरून बसली होती. ठेकेदारानं मला झापलं, त्याला पुरुषांकडं पाठव म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी तसं सांगितलं. तिनं ताटलीतले पैसेही उचलले नाहीत, तशीच गेली. थोड्या वेळानं बादली ओतायला मागं गेले तर ती भिंतीच्या आडोशाला बसलेली. मला बघवलं नाही ओ. माझं चुकलं का? ठेकेदाराला काय सांगू?

उत्तर: हो मावशी, चुकलं. तुम्हाला ते बघवलं नाही, म्हणूनच इतकं स्पष्ट सांगतेय.

मी स्वतः पारलिंगी आहे. काही वर्षं सोलापुरात कामाला होते. तिथला मे महिना तुम्हाला मी काय सांगायचा! त्या उन्हात मी सकाळी घोटभर चहा घ्यायचे आणि संध्याकाळी खोलीवर येईपर्यंत पाण्याला तोंड लावायचे नाही. प्यायलं की जावं लागणार, आणि जायला जागा नाही. कुणी विचारू नये म्हणून बाटली भरून न्यायचे आणि तशीच भरलेली परत आणायचे. मग लघवीला आग, थंडी वाजून ताप. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी का पीत नाही?" मी खाली बघत बसले. पुरुषांच्या बाजूला एकदाच गेले होते. मी आत असताना बाहेर तिघं थांबून दार हलवत राहिले. काय काय बोलले ते या पानावर लिहिणार नाही. तिनं पैसे का उचलले नाहीत ते मला कळतं. तिथून लवकर निघायचं असतं.

हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाताना मात्र मी पोटभर पाणी प्यायचे. डब्यातल्या शौचालयावर बायका-पुरुष अशी पाटी नसते. रिकामं दिसलं की जायचं, आतून कडी लावायची. मला तिथं कुणीही कधी हटकलं नाही.

आता ठेकेदाराचं. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांच्या हक्कांचा निकाल दिला, त्यात सार्वजनिक शौचालयांचीही जबाबदारी सरकारवर टाकली. स्वच्छ भारतच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत तर सरळ म्हटलंय की बायकांचं वापरायचं की पुरुषांचं, हे त्या व्यक्तीनं ठरवायचं. २०१९ मध्ये संसदेनं कायदाच केला. सगळ्यांना खुल्या असलेल्या सार्वजनिक जागेत तृतीयपंथी व्यक्तीला अडवलं तर सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, असं त्याच्या अठराव्या कलमात आहे. आणि मावशी, दारात तुम्ही बसता. हुकूम त्याचा असला तरी अडवणारा हात तुमचा दिसणार. म्हणून त्याला एवढंच म्हणा, "साहेब, हे कागदावर सही करून द्या." माझा अनुभव सांगते, असं कुणी लिहून देत नाही. कामावरून काढायची धमकी दिली तर १५१०० या नंबरवर विधी सेवेचा सल्ला मिळतो, पैसे पडत नाहीत.

तिच्याकडं ओळखपत्र मात्र मागू नका. दुसऱ्या कुठल्या बाईला तुम्ही आत सोडताना आधार कार्ड विचारता का?

वेगळं शौचालय बांधलं तर चांगलंच आहे, कित्येकांना तेच हवंय. पण ते होईपर्यंत तिनं काय करायचं? माझ्यासारख्या जन्मभर थांबल्यात.

राहिल्या त्या दोन बायका. त्यांच्यावर मला राग नाही. परक्या गावात, हातानं दार धरून बसायची वेळ आलेली बाई घाबरणारच, बाहेर कुणाची का सावली पडेना. पुन्हा कुणी बोललं तर आवाज न चढवता सांगा, "रोजची आहे ती, मी ओळखते, मी इथंच बसलेय." तुमच्या तोंडून आलेलं हे वाक्य पाटीपेक्षा जास्त चालेल. कुणी खरंच वाईट वागलं, मग ते कुणीही असो, तर ११२ आहे.

ती आता आपणहून येणार नाही. रस्त्यात दिसली तर हाक मारा, पाच रुपये परत द्या आणि उद्या ये म्हणा.

आणि ती कडी. ठेकेदाराची वाट बघू नका. हार्डवेअरच्या दुकानातून एक कडी आणि चार स्क्रू आणा, लेकीला सोबत घ्या आणि उद्या पाळी सुरू व्हायच्या आधी बसवून टाका. बिल जपून ठेवा, ते त्याच्याकडून वसूल करायचं आहे.