अप्पांनी पदरचा घातलेला 'री'

प्रश्न: 'माईंड युवर ओन बिझनेस'चा नेमका अर्थ काय? घरातल्या मोठ्या माणसाला असं म्हटलं तर चालतं का?

नाही चालत. अर्थ एवढाच की तुझं तू बघ, माझ्यात नाक खुपसू नकोस. आणि इंग्रजीतसुद्धा हे तोडूनच बोलणं आहे. मागं 'प्लीज' लावलं म्हणून गोड होत नाही.

१९९८ साल. बेळगावातल्या शहापूरच्या खडेबाजारात आमचं साड्यांचं दुकान. दादा नुकताच इंजिनिअर होऊन आलेला. शेजारचा आमचाच गाळा त्यानं मित्राला एसटीडी बूथसाठी देऊन टाकला, सगळं तोंडी. अप्पा गादीवर बसून इरकलची घडी घालत होते. मान वर न करता म्हणाले, "कागद केलास काय रे?"

"अप्पा, प्लीज, माईंड युवर ओन बिझनेस."

घडीवरचा हात थांबला. मग तळव्यानं काठ दाबून त्यांनी ती घडी पुरी केली. समोर बैलहोंगलच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी कन्नडमधून विचारलं, "एनंदा री मगा?" काय म्हणाला हो मुलगा? अप्पा म्हणाले, "निम केल्सा नीव नोडकोरी अंदान." तुमचं काम तुम्ही बघा, म्हणाला. इकडची कन्नड कानावरून गेलेल्यांना कळेल, त्या 'कोरी'तला 'री' आदराचा. दादाच्या तोंडात तो नव्हता, अप्पांनी पदरचा घातला. बाईंना वाटलं, पोरगा म्हणतोय तुम्ही गिऱ्हाईक बघा, बाकीचं मी सांभाळतो. "शाण्या अदान री," शहाणा आहे हो, म्हणाल्या आणि दोन साड्या घेऊन गेल्या.

दादा अजून म्हणतो, अप्पांना इंग्रजी कुठं कळत होतं? त्यांना 'धंदा बघा' असंच वाटलं. तसं वाटण्यात काही येडेपणा नाही बरं का. अमेरिकेच्या १७८७च्या तांब्याच्या सेंटवर सूर्यघड्याळाखाली 'माईंड युवर बिझनेस' असंच कोरलंय, 'ओन' नाही. बेंजामिन फ्रँकलिनचं नाव त्या नाण्याशी जोडतात. वेळ पळतोय, आपापल्या कामाला लागा, असा त्याचा अर्थ लावतात. पण आमच्या दुकानात त्या दिवशी हा अर्थ नव्हता, आणि अप्पांना ते चांगलं कळलं होतं. कळलं नसतं तर 'री' कशाला जोडला असता?

बाकी वापराचं म्हणाल तर स्वतःबद्दल बोलताना हेच शब्द निरुपद्रवी होतात. 'आय वॉज माइंडिंग माय ओन बिझनेस' म्हणजे मी आपला गपगुमान बसलो होतो. 'इट्स नन ऑफ माय बिझनेस, बट' म्हणजे आपलं 'माझा काही संबंध नाही, पण', आणि त्या 'पण'नंतर माणूस काय करतो ते तुम्हाला माहीत आहे.

हां, रेल्वेत शेजारचा अनोळखी माणूस पगार विचारायला लागला तर खुशाल म्हणा. मीही म्हटलंय. आणि अप्पा सगळ्यातच लक्ष घालायचे, हेही खरं. माझ्या लग्नात आचाऱ्याच्या मिठापर्यंत.

पण कागद केलास काय, हे विचारणं चोंबडेपणा नव्हता. मित्र आठ महिन्यांचं भाडं बुडवून गेला. त्या गाळ्याचं लाईट बिल अप्पांनी भरलं आणि किर्दीत 'दुकान खर्च' म्हणून लिहिलं, ना मित्राचं नाव, ना दादाचं. ती वही माझ्या कपाटात आहे. दादानं कधीही येऊन बघावी.