हौदा किती फुटी आणि फोर बाय फोर लागतंच का? पिकअपवाल्या वाचकांचे प्रश्न

या वेळी पिकअपवरच इतके प्रश्न आलेत की बाकीचे पुढच्या अंकावर ढकलले. पहिल्या प्रश्नाला जागा जास्त दिलीये, कारण तोच घोळ निम्म्या जिल्ह्याचा आहे.

प्रश्न : नमस्कार दादा, दिंडोरी तालुक्यातून लिहितोय. टोमॅटो आणि द्राक्षबाग आहे, सीझनला रोज पिंपळगावला माल जातो, आत्तापर्यंत भाड्याच्या गाडीवर भागवलं पण आता स्वतःची पिकअप घ्यायचीये. एक जण म्हणतो कंपनीचा तयार हौदा घे, दुसरा म्हणतो नुसती चॅसिस, म्हणजे हौद्याशिवायची गाडी घे आणि दहा फुटी बॉडी बांधून घे. त्यात धाकटा भाऊ फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारीच पायजे म्हणून अडून बसलाय कारण मागच्या वर्षी भाड्याची गाडी आमच्याच बांधावर रुतली होती. नक्की काय करू?

उत्तर : भाऊ, शोरूमला जायच्या आधी घरातला एक क्रेट घ्या आणि त्याला टेप लावा. खरंच लावा. साधारण ५४ बाय ३६ सेंटिमीटरचा निघेल, थोडा इकडेतिकडे. आता हौदा आतून अडीच मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद धरला, म्हणजे आपण बोलताना सव्वाआठ फुटी म्हणतो तो, तर रुंदीत तीन आणि लांबीत सहा असे १८ क्रेट एका थरात बसतात. २० किलो माल आणि क्रेटचं स्वतःचं वजन धरून एकाचे २२ किलो पकडा. १,३०० किलो वजनाला पास असलेल्या गाडीत ५९ क्रेट झाले की वजन संपलं, म्हणजे तीन थर पूर्ण आणि चौथ्यावर पाच. आणि ड्रायव्हर नि त्याच्या शेजारचा माणूस हे पण त्याच वजनात मोजायचे असतात, दोघांचे मिळून सहा क्रेट तिथेच कमी होतात, हे कुणी सांगत नाही.

आता दहा फुटी बघा. ३.०५ मीटर लांबीत आठ ओळी, म्हणजे २४ चा थर. हा हौदा १,७०० किलोच्या गाडीवर असेल तर ७७ क्रेट, परत तीन थर आणि वर पाच, म्हणजे उंची तेवढीच राहिली आणि माल वाढला, एकदम बरोबर जोडी. पण तीच दहा फुटी बॉडी १,३०० किलोवाल्या चॅसिसवर बांधलीत तर अडीच थरातच वजन संपणार आणि वर सगळी जागा मोकळी दिसणार, आणि मोकळी जागा दिसली की भरणारा माणूस भरतोच, त्याला आरसीवरचं वजन दिसत नसतं. मग कमानपाटे, म्हणजे मागच्या स्प्रिंगचे पाटे बसतात, मागचे टायर गरम होऊन फुटतात, आणि काट्यावर पकडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड २०,००० पासून सुरू होतो, वर जादा प्रत्येक टनाला २,०००. माझं स्पष्ट मत आहे, हौद्याची लांबी कधीच एकटी ठरवू नका, आरसीवरचं वजन शेजारी लिहूनच ठरवा.

तयार हौदा की बांधलेली बॉडी? तुमच्या कामाला कंपनीचा सपाट हौदा, जो तिन्ही बाजूंनी फाळके पाडून उघडतो, तोच बरा. मार्केटला गाडी लावायला सरळ जागा मिळेलच असं नाही, कधी बाजूने माल उतरवावा लागतो, आणि बाजूचा फाळका पडला की माणूस खाली उभा राहून मधला क्रेट काढू शकतो, हौद्यात चढायचं काम नाही. वर जाळी उभी करायला पाइपाच्या खोबण्या करून घ्या, ताडपत्रीला दोरी बांधायला हूक जास्तीचे मारा, बास. चॅसिस घेऊन बॉडी बांधायची ती बंद डबा पाहिजे असेल तर, म्हणजे बेकरी, औषधं, कुरियर असा माल असेल तर. आपल्याकडे बॉडी बांधताना मजबुतीच्या नावाखाली जाड पत्रा आणि अँगलवर अँगल मारतात, दिसायला भारी दिसतं, पण त्या लोखंडाचा प्रत्येक किलो तुमच्या टोमॅटोच्या वजनातून जातो. बॉडीवाल्याला आधी विचारायचं, बॉडीचं वजन किती भरणार? उत्तर देता आलं नाही तर दुसऱ्याकडे जा. आणि पासिंग झाल्यावर मागाहून बॉडी बदलायची असेल तर आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करून घ्या, नाहीतर अपघात झाल्यावर विमावाला तिथेच बोट ठेवतो.

एक कागदाचं पण. गाडीचं मालासकट एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही, त्याच्या वर लागतं. १,३०० ची गाडी बहुतेक त्याच्या आत बसते आणि १,७०० ची बहुतेक वर जाते, दोन्हींमधला खरा फरक इथे पण पडतो, तो हिशोबात धरा.

द्राक्षाचं मात्र वेगळं आहे, आणि तुम्ही दोन्ही पिकं लिहिलीत म्हणून मुद्दाम सांगतो. टोमॅटोला गाडी भरून जाते तेव्हा पाटे दबून गाडी निवांत चालते. पण द्राक्षाचे क्रेट तुम्ही काठोकाठ भरत नाही, थर पण कमी ठेवता, त्यामुळे दोन टनी गाडीत जेमतेम सात-आठशे किलो माल असतो आणि मागचे पाटे दगडासारखे कडक लागतात, प्रत्येक खड्डा थेट घडापर्यंत पोचतो. पॅकहाउसला क्रेट उतरवला की तळाशी सुटलेले मणी दिसतात ना, आणि आपण तोडणीवाल्यांना बोलतो, त्यातले बरेच रस्त्यावर सुटलेले असतात. म्हणून गरजेपेक्षा मोठ्या वजनाची गाडी घेऊ नका, आणि माल हलका असेल त्या दिवशी मागच्या टायरची हवा फुल लोडची ठेवू नका, कंपनीच्या तक्त्यात हलक्या लोडचा आकडा दिलेला असेल तर तेवढी करा, आणि क्रेट पुढे केबिनकडे सरकवून लावा, अगदी मागच्या फाळक्याजवळ हिसका सगळ्यात जास्त बसतो.

आता धाकट्या भावाचं. त्याचं चुकत नाहीये, पण रुतण्याचं कारण त्याने नीट बघितलं पाहिजे. आपल्याकडच्या कामाच्या पिकअप, बोलेरो घ्या, इन्ट्रा घ्या, दोस्त घ्या, सगळ्या मागच्या चाकांवर ओढतात. ते मुद्दामच तसं असतं कारण माल भरला की वजन मागे जातं आणि चढावर तर अजून मागे सरकतं, म्हणजे जी चाकं ओढतात त्यांचीच पकड वाढते. भरलेली गाडी घाट चढते ती यामुळे. अडचण रिकाम्या गाडीची. मागे वजनच नाही, चाक हलकं, चिखल लागला की फिरायला लागतं.

माझ्यासोबत झालेलं सांगतो. परतीच्या पावसात एका ओळखीच्या शेतावर रिकामी गाडी घेऊन गेलो होतो, काळी माती, वरून सुकल्यासारखी दिसत होती आणि आत लोणी. मागचं डावं चाक जागेवर फिरायला लागलं. खाली उतरून बघितलं तर डावं गरगर फिरतंय आणि उजवं ढिम्म उभं, कारण साधा डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत जोर वाटणारा गिअर, जोर नेहमी सोप्या बाजूला सोडून देतो. टायर नवा होता पण नक्षीत माती भरून तो पार गुळगुळीत झाला होता. मी अजून रेस दिली तसं चाक अजून खाली गेलं. शेवटी शेतावरच्या माणसांनी मला थांबवलं, भरलेले वीसएक क्रेट उचलून बरोबर मागच्या एक्सलच्या वर ठेवले, चाकापुढे बारदान आणि उसाचं पाचट अंथरलं, आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडायला लावला. गाडी निघाली. साधारण साडेचारशे किलोनी काम झालं.

म्हणून तुमचा रस्ता कसा आहे ते बघा. बांधावरचे शंभर फूटच खराब असतील तर दहा फूट रुंदीने अर्धा फूट जाडीचा मुरूम टाकायला पाच ब्रास, म्हणजे पाचशे घनफूट लागतो, तो टाका, फोर बाय फोरच्या जादा पैशापुढे तो खर्च काहीच नाही आणि तुमच्या ट्रॅक्टरला पण उपयोगी पडेल. फोर बाय फोर म्हणजे पुढचा एक्सल, त्याला जोर देणारा डबा म्हणजे ट्रान्सफर केस, जादा शाफ्ट, हे सगळं वजन वर्षाचे ३६५ दिवस ओढायचं, डिझेल जास्त, मालाचं वजन कमी. दिंडोरीत डांबरापासून शेत जवळ असेल तर मी टू व्हीलच, म्हणजे फक्त मागची दोन चाकं ओढणारीच घेईन, मागे चांगले खोल नक्षीचे टायर टाकून.

प्रश्न : सुरगाणा तालुक्यात आमचा महिला बचत गट आहे. स्ट्रॉबेरी, नागली, आंबे असा माल नाशिकला आणतो. पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत अडीच किलोमीटर कच्चा चढ आहे, पावसाळ्यात गाडीवाले यायलाच नाही म्हणतात. आम्हाला पण टू व्हीलच घ्या म्हणून सांगणार का? आणि फोर बाय फोर घेतली तर ती कायम चालू ठेवायची असते का?

उत्तर : ताई, नाही, तुम्ही फोर बाय फोरच घ्या. वरच्या भाऊंचे शंभर फूट आहेत, तुमचे अडीच किलोमीटर आहेत आणि तो चढ आहे, तिथे मुरूम एका पावसात वाहून जाईल. तुम्ही भाड्याला गाडी मिळत नाही म्हणून माल सडू देताय, तर जादा खर्चाचं उत्तर तिथेच मिळालं.

टाटा योद्धा आणि महिंद्राची बोलेरो कॅम्पर दोन्हींत फोर बाय फोर येते. कॅम्परमध्ये पाच माणसं आत बसतात पण त्या बदल्यात हौदा आखूड होतो. तुमच्या गटातल्या बायका मालासोबत बाजारला येतात, आणि आत्ता त्या हौद्यात बसून येत असतील, खरं ना? मालाच्या हौद्यात माणसं बसवणं बेकायदा आहेच, पण सावळघाटाच्या वळणांवर ते बघवत नाही मला. म्हणून तुम्हाला दोन ओळींची केबिन. स्ट्रॉबेरीचे बॉक्स हलके असतात, आखूड हौद्यावर वजनाची अडचण येणार नाही, नागलीची पोती असतील त्या दिवशी दोन फेऱ्या करा.

आता कायम चालू ठेवायची का, तर अजिबात नाही, आणि हे ड्रायव्हरला तोंडपाठ करायला लावा. या गाड्यांत पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना घट्ट जोडला जातो, दोघांच्या मध्ये फरक सोडणारं काही नसतं. वळणावर पुढची चाकं मोठ्या गोलावरून जातात, मागची छोट्या गोलावरून. चिखलात टायर थोडा घसरून तो फरक पोटात घेतो. डांबरावर घसरत नाही, मग सगळा ताण शाफ्टवर चढत जातो, स्टिअरिंग जड होतं, फोर बाय फोरचा लिव्हर अडकतो, आणि लोक जोरात ओढून काहीतरी मोडून घेतात. अडकलाच तर गाडी सरळ रेषेत चार-पाच फूट मागे घ्या, सुटतो. कच्चा रस्ता सुरू व्हायच्या आधी टाकायचं, डांबर लागलं की काढायचं.

फोर बाय फोरच्या लिव्हरला हाय आणि लो दोन असतात. साध्या चिखलाला हाय. तुमच्या उभ्या चढाला गाडी थांबवून लो टाका, चाकावरचा जोर अडीच पटीच्या आसपास वाढतो, रेस न देता गाडी चालत चढते, क्लच जळत नाही. पावसात तोच चढ उतरताना पण लो आणि पहिला गिअर, इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक दाबला की चाक लॉक होऊन गाडी आडवी घसरते. महिन्यातनं एकदा, पाऊस नसला तरी, कच्च्यावर थोडा वेळ फोर बाय फोर टाकून चालवा. वर्षभर न वापरलेला लिव्हर जूनमध्ये हलत नाही, हे मी बऱ्याच गाड्यांत बघितलंय.

प्रश्न : गंगापूर रोडला राहतो, त्र्यंबकच्या बाजूला थोडी शेती आहे. घरची गाडी आणि शेतीची गाडी एकच असावी म्हणून इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स बघतोय. हौदा पुरेल का?

उत्तर : घरची गाडी म्हणून दोन्ही चांगल्या. हायलक्स आपल्याकडे २०२२ मध्ये आली, २.८ लिटर डिझेल आणि फोर बाय फोर. व्ही-क्रॉस १.९ लिटर, तिच्यात टू व्हील ऑटोमॅटिक पण मिळते. पण हौदा टबासारखा असतो, फक्त मागून उघडतो, पाच फुटांच्या आसपास लांब, आणि आत दोन्ही बाजूंना चाकाचे उंचवटे येतात, त्यामुळे क्रेट सरळ ओळीत बसत नाहीत, मध्ये फटी राहतात. खताच्या दहा-बारा गोण्या, ठिबकच्या नळ्यांचे बंडल, पंप, एवढं आरामात जाईल. रोजचा भाजीपाला नाही. आणि दोन्ही गाड्या ५.३ मीटरच्या आसपास लांब आहेत, बुकिंगच्या आधी सोसायटीतल्या तुमच्या पार्किंगला टेप लावा. आठवड्यातनं एकदा शेतावर जाणार असाल तर घ्या, रोज माल आणणार असाल तर जुनी साधी पिकअप वेगळी ठेवा, दोन्ही गाड्या जास्त टिकतील.

प्रश्न : सिडकोत आमचा मंडपाचा धंदा आहे. दहा फुटी हौदा घेतला, पण मुलाकडे फक्त कारचं लायसन्स आहे. चालेल का?

उत्तर : चालेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलंय की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला माणूस एकूण ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो, त्याला वेगळ्या शेऱ्याची गरज नाही. फक्त तुमचे बारा फुटी पाइप मागच्या फाळक्याबाहेर लोंबत ठेवून त्याला पाठवू नका, ते बेकायदा आहे आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला रात्री ते टोक दिसत नाही. केबिनच्या वर घोडी, म्हणजे पाइप टेकवायची चौकट बसवून घ्या आणि पाइप तिरके हौद्यात लावा, पुढचं टोक घोडीवर, मागचं फाळक्याच्या आत, दोन ठिकाणी बेल्टने आवळून. घोडीची उंची ठरवताना एक पाइप सोबत न्या.