‘महासागरांचे आम्लीकरण’ की ‘आम्लीभवन’?

समुद्राचे पाणी आम्लारिधर्मी असते आणि आजही ते तसेच आहे. मग हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषल्याने त्याची आम्लता वाढते, त्या प्रक्रियेसाठी ‘महासागरांचे आम्लीकरण’ ही शब्दयोजना चूक नाही का, आणि वापरायचीच तर ‘आम्लीभवन’ म्हणू नये का, असा प्रश्न आला आहे.

शंका रास्त आहे. ‘आम्ली’मधला दीर्घ ईकार संस्कृतातल्या च्वि प्रत्ययामुळे येतो (म्हणून तो ऱ्हस्व लिहू नये) आणि या प्रत्ययाचा अर्थ ‘अभूततद्भाव’, म्हणजे आधी जे नव्हते ते होणे, असा सांगितला आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी पृष्ठभागाजवळच्या पाण्याचा सरासरी सामू (pH; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) ८.२ च्या आसपास होता, आता तो ८.१ च्या आसपास आहे. उदासीनतेची रेषा तर ७ वर आहे, तिच्या खाली उतरल्यावरच पाणी आम्लधर्मी म्हणायचे. तरीही शब्द चुकीचा ठरत नाही, कारण प्रक्रियेचे नाव ती जिकडे जाते त्या दिशेवरून पडते. भट्टीतून काढलेले लोखंड हात लावण्याजोगे होण्याच्या कितीतरी आधी आपण ते निवू लागले असे म्हणतोच. शिवाय सामूची मोजपट्टी दसपटीची (सामू १ ने घटला की आम्लता ठरवणारे हायड्रोजन आयन दहापट) असल्यामुळे ०.१ ची ही घट म्हणजे या आयनांच्या संहतीत सुमारे २६ टक्के वाढ होय. हे आयन कार्बोनेट आयनांना बांधून टाकतात, आणि ज्या प्रवाळांना, कालवांना व पोहणाऱ्या चिमुकल्या गोगलगायींना त्याच कार्बोनेटातून आपले सांगाडे आणि शिंपले घडवायचे असतात, त्यांच्या वाट्याला ते कमी येते.

आता ‘करण’ की ‘भवन’? बाष्पीभवनाला कर्ता लागत नाही, शुद्धीकरणाला लागतो. इटलीतील इस्किया बेटाजवळ समुद्रतळातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निसर्गतःच निघतात आणि त्यांच्या अगदी निकट सामू ७ च्याही खाली उतरतो. तेथे ‘आम्लीभवन’ शब्दशः शोभेल. उरलेल्या जगभरच्या पाण्याबाबत मात्र मी ‘आम्लीकरण’च लिहीन. आपण जाळलेल्या कोळशा-तेलातून आणि तोडलेल्या जंगलांतून हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळजवळ चतुर्थांश वायू समुद्र शोषून घेतो, म्हणजे येथे कर्ता आहे आणि तो आपण आहोत. ‘भवन’ म्हटले की तो वाक्यातून नाहीसा होतो. ‘ocean acidification’ ही मूळ इंग्रजी संज्ञा केन कॅल्डेरा आणि मायकेल विकेट या शास्त्रज्ञांच्या ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकातील २००३ च्या टिपणानंतर रूढ झाली, आणि त्या टिपणाच्या शीर्षकातच मानवनिर्मित कार्बनचा उल्लेख होता.

‘समुद्र आम्लधर्मी झाला’ हे वाक्य मात्र सरळ चूक आहे. त्याऐवजी ‘समुद्राची आम्लता वाढली’ किंवा ‘सामू घटला’ असे लिहावे.