अडीच वर्षांच्या मुलीला घरच्या घरी काय खेळवायचं? ॲक्टिव्हिटी बॉक्स घ्यावा का?

बॉक्स घेऊ नका. पैसे वर आले असतील तर तिच्या नावाने आरडी उघडा.

तुम्ही लिहिलंय, दोघंही नोकरीला, संध्याकाळी जेमतेम दीड तास मिळतो आणि तो ‘क्वालिटी टाइम’ व्हायला हवा. हे ‘व्हायला हवा’च नडतं बघा.

माझी लेक तुमच्या मुलीएवढीच होती तेव्हाची गोष्ट. २६ जुलै २००५. आम्ही ऐरोलीत, चौथ्या मजल्यावर, वर थेट गच्ची. नवरा कुर्ल्याला ऑफिसात अडकलेला, फोन लागत नाही, लाइट दुपारीच गेलेली. (सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे नंतर कळलं. तेव्हा नुसतं आभाळ फाटल्यासारखं दिसत होतं.) अंधार पडता पडता हॉलचं छत गळायला लागलं, तेही पाच ठिकाणी. मी हाताला येईल ते भांडं खाली सरकवत सुटले. परात, पितळेचं पातेलं, पोळ्यांचा डबा, शेवटी श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा. आणि ही बया मागून येऊन भांडी हलवायची. दोनदा ओरडले. तिसऱ्यांदा धपाटा घालायला वळले, तर ती मेणबत्तीच्या उजेडात परातीपुढे उकिडवी बसून, मान तिरकी करून ऐकत होती. परातीत टण्ण, पातेल्यात ठुंब, श्रीखंडाच्या डब्यात नुसतं थप. पाणी साठलं की परातीचा आवाज बसायचा. मग मला म्हणाली, “आई, हे झोपलं.” पाणी मोरीत ओतलं की परात पुन्हा जागी! रात्री अकरापर्यंत आम्ही भांडी जागी करत होतो. नवरा दुसऱ्या दिवशी मुलुंडचा पूल ओलांडून चालत आला, तर तिने त्याला बूटही काढू न देता परातीपाशी नेलं.

यात मी काय केलं? धपाटा घातला नाही, एवढंच.

वन्संना हे सांगितलं तर म्हणाल्या, “गळक्या घराचं कसलं कौतुक?” त्यांच्याकडे, नौपाड्याला, लाकडी आकार, रंगीत मणी आणि रोज साडेपाच ते सहा खेळाची वेळ. शेजारी स्वतः बसायच्या, “हा कोणता आकार? नीट बघून सांग.” त्याला मी तेव्हाही तोंडी परीक्षाच म्हणत होते.

तुमच्या दीड तासात स्वयंपाक आहेच ना? मग मटार सोलायला बसवा, कणकेचा गोळा द्या. कुकरची शिट्टी झाली की घरातल्या सगळ्यांनी पुतळा व्हायचं, बाबांनीसुद्धा. फक्त मध्ये शिकवू नका. मटार मोजायला लावलेत की ती उठून जाणार.

मटार, चणे नाकात जातात, तेव्हा नजर हवी. भरल्या बादलीपाशी तर एक मिनिटही एकटं सोडायचं नाही. आणि आमच्याकडे त्या रात्री टीव्ही लागणारच नव्हता, ही सोय तुम्हाला नाही, हेही खरं.

वन्संचा मुलगा आज चांगला इंजिनियर आहे, म्हणजे लाकडी आकारांनी काही बिघडलं नाही. पण आमच्या गच्चीचं काम व्हायला आणखी दोन पावसाळे गेले, तेव्हा तोही यायचा आमच्याकडे. गेल्या गणपतीत सहज विचारलं, लहानपणचं काय आठवतं रे? म्हणाला, “मामीकडची झोपलेली परात.” वन्सं शेजारीच मोदक वळत होत्या.